सुभेदारांची मिशी

शकूमावशीच्या घरात तीन कात्र्या होत्या आणि तिन्हींना हात लावायची मला बंदी होती. एक कापडाची, एक केसांची आणि एक वसंतकाकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची. पहिल्या दोन्हींना हात लावला तर मावशी ओरडायची. तिसरीला लावला तर काका ओरडायचे नाहीत, त्या दिवशी जेवायचे नाहीत. त्यामुळे सगळ्यात जास्त भीती तिचीच होती. मी त्या घरात आले तेव्हा नववीतून शाळा सुटलेली, अंगावर चुलतबहिणीचा ड्रेस आणि पिशवीत आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. आमचं गाव खंडाळ्याच्या पलीकडं. तिथून सांगली एसटीनं पाच-साडेपाच तास. एवढंसं अंतर, पण मला ते समुद्रापलीकडचं वाटलं. पहिले पंधरा दिवस मी पाणी प्यायच्या आधीसुद्धा विचारायची. तिसरी चपाती ताटात पडली की वाटायचं, ही माणसं मोजत असतील. कुणी मोजत नव्हतं. मावशीला तर मी किती चपात्या खाल्ल्या ते माझ्या लग्नातसुद्धा सांगता आलं नसतं, पण ते कळायला मला वर्ष लागलं.

वडिलांनी सोडताना दारातच सांगितलं होतं, "उन्हाळ्यापातूर काय हातात आलं तर ठीक, न्हाईतर घिऊन जातो." घेऊन जाऊन काय करणार होते ते सगळ्यांना माहीत होतं. शिरवळकडचं एक स्थळ होतं. मुलगा चांगला होता असं म्हणत. मी त्याला पाहिला नव्हता आणि पाहायची वेळ येऊ नये म्हणून मावशीच्या घरात मिळेल ते काम करत होते.

मावशीचा धंदा गंगावनांचा, म्हणजे वेणीत घालायच्या खोट्या केसांचा. केसांवर भांडी देणाऱ्या बायका गावोगाव फिरून केसांचे गुंते आणायच्या. ते मावशी शिकेकाईत भिजवायची, वाळवायची आणि पाटावर ठोकलेल्या खिळ्यांच्या फणीतून ओढायची. कर्र, कर्र, असा तो आवाज सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. घरात केस इतके, की आमटीत केस निघाला तर कुणी काही बोलायचं नाही. काका तो उजेडात धरायचे, "हा विट्याकडचा," म्हणायचे आणि बाजूला ठेवून पुढचा भुरका मारायचे. दुपारी भडंग आणि चहा. भडंगात लसूण कमी पडला तर मात्र काका बोलायचे. केसाचं माफ होतं, लसणाचं नव्हतं.

काका रंगभूषा करायचे. सांगलीत नाटकवाले पुष्कळ. त्यांच्या दाढ्या, मिशा, टकलं, जटा काकांच्या हाताखालून गेलेल्या. पण मी आले तेव्हा काम राहिलं होतं ते शाळांच्या गॅदरिंगचं. एका शाळेचे चाळीस मावळे, म्हणजे चाळीस मिशा, आणि परत येताना त्यातल्या सव्वीस. आणि काकांचा उजवा हात हलायला लागला होता. घरात त्याला आजार म्हणत नसत. "हात हलतोय" एवढंच म्हणत, जणू वाऱ्यानं हलतोय. त्या हातानं त्यांना जाळीवर एकेक केस गाठवता येईना, म्हणून मला समोर बसवून गाठवायला लावायचे. मग मोकळ्या केसांची मिशी थेट कातडीवर कशी चिकटवायची तेही शिकवायला लागले. "कौलं घालायची, पोरी," ते म्हणायचे. "आधी वळचण, मग आढं. खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. उलटं केलंस तर मुळं उघडी पडतात आणि माणूस खोटा दिसतो." सराव माणसावर करता येत नव्हता. मी दोन महिने दुधी भोपळ्यावर मिशा लावल्या. संध्याकाळी मावशी मिशी काढायची, दुधी सोलायची आणि चण्याची डाळ घालून भाजी करायची. आजही दुध्याची भाजी खाताना मला त्याचा चेहरा आठवतो.

मेलेल्या माणसांचं काम आमच्याकडं आलं ते शौकतभाईंमुळं. ते दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि मिरजेच्या एका दवाखान्यात शवागार सांभाळायचे. एकदा एक बाई गेली. सवाष्ण. हिरवं लुगडं, चुडा, मळवट, सगळं आणलेलं. पण औषधांनी डोक्यावर एक केस राहिला नव्हता. तिची सासू हातात गजरा घेऊन शौकतभाईंना म्हणाली, "आता ह्यो कशात माळू?" शौकतभाई सायकल मारत मावशीकडं आले. मावशीनं एक लांब गंगावन काढलं, पुढं लावायला थोडे मोकळे केस घेतले आणि त्यांच्याबरोबर गेली. परत आली तेव्हा आंघोळ केली आणि जेवायला बसली. "माळला," एवढंच म्हणाली. त्यानंतर वर्षात दोन-चारदा तरी शौकतभाईंची सायकल दारात लागायची.

त्या मार्गशीर्षातल्या सकाळी सायकलच्या मागं एक माणूस बसून आला होता. साठीच्या आसपासचा, डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, आणि नाकाखाली अशी मिशी, की काकांनी चष्मा घातला. जाड, करडी, दोन्ही टोकं वर वळलेली. काका त्या मिशीकडं बघत राहिले आणि माणसाला बसा म्हणायचं विसरले.

"मास्तर, एक मिशी पाहिजे," शौकतभाई म्हणाले.

"कुठलं नाटक?"

"नाटक नाही. मिरज."

त्या माणसाला सगळे नाना म्हणत. उंब्रजजवळच्या एका गावचे. त्यांचे थोरले भाऊ फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ते आदल्या दिवशी दवाखान्यात वारले. शेवटचे आठ दिवस तोंडात नळी होती आणि ती नळी चिकटपट्टीनं बसवायची म्हणून मिशी काढावी लागली होती. ते आवश्यकच होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण सुभेदारांचा मुलगा संजय, तोही फौजेत, सरहद्दीवरून निघाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचणार होता. आणि सुभेदारांची बायको अडून बसली होती.

"वैनी म्हणती, ह्या तोंडानं त्यास्नी गावात न्यायचं न्हाई," नाना म्हणाले. "पोरगं आठ म्हैन्यांनी येतंय, त्यानं बापाला असं बघायचं न्हाई म्हणती. लय समजावलं. ती उठतच न्हाई तितनं." मग त्यांनी खिशातून निवृत्तीच्या वेळचा एक फोटो काढून काकांच्या पुढं ठेवला.

काकांनी फोटो बघितला, नानांची मिशी बघितली. "दोघा भावांची सारखीच की."

"म्हंजे मी त्याची बघून राखली," नाना म्हणाले आणि मावशीनं पुढं केलेला चहा घेतला. जाळी कापून होईपर्यंत ते बोलत बसले. दोघंही भाऊ एकाच दिवशी भरतीला गेले होते. थोरल्याची छाती बसली, नानांची अर्धा इंच कमी भरली. दुसऱ्या वर्षी परत गेले, परत अर्धा इंच. मग ऊस, म्हशी आणि घर त्यांच्याकडं आलं. "फौजेतलं आपल्याकडं एवढंच," म्हणून त्यांनी मिशीवरनं बोट फिरवलं. "उंब्रजच्या स्टँडवर नवा मानूस आला की मला मेजर म्हणतो. मी न्हाई म्हणत न्हाई." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "आणि ही पोरगी लावणार व्हय?"

"हात तिचे, डोळे माझे," काका म्हणाले.

दिवसभर मी केस गाठवले. काका शेजारी बसून सांगत होते: इथं दाट, इथं विरळ, टोकाला पीळ. फोटोत मिशी काळी होती, म्हणून काळे केस घेतले आणि वयाचा मान म्हणून मधेमधे थोडे पांढरे. संध्याकाळी मिशी पुरी झाली. पुठ्ठ्यावर टाचून ठेवली तेव्हा एवढी रुबाबदार दिसत होती, की मावशी जाता-येता तिच्याकडं बघून पदर सारखा करत होती. मला वाटलं, आता वडील उन्हाळ्यात आले तरी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेला गेलो. शवागाराबाहेर एक बाक होता. काका आणि नाना त्यावर बसले. सुभेदारांची बायको पायरीवर बसली होती. ठेंगणी, बारीक, खांद्यावर जाड शाल. रडत नव्हती. मी तिला काकू म्हटलं. ती म्हणाली, "किती शिकलीस?" मी नववी म्हटलं. तिनं मान हलवली. ते कमी वाटलं की पुरेसं वाटलं ते मला कळलं नाही.

तोवर मी मेलेलं माणूस लांबूनच बघितलं होतं. शौकतभाईंनी पेटी ओढली, चादर छातीपर्यंत खाली केली आणि म्हणाले, "घाबरू नको बेटा, सगळ्यात शांत माणसं हीच." सुभेदारांचा चेहरा मोठा होता. नाकाखालची जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा फिकट, कित्येक वर्षं उन्हाला न दिसलेली. मी कापसानं पुसलं, गम लावला, जाळी बसवली, काकांनी सांगितल्याप्रमाणे फडक्यानं दाबून धरली आणि मनात शंभर मोजले. हात काढला. मिशी जागेवर होती. मी काकूंना बोलवायला दारापर्यंत गेले आणि त्यांना घेऊन आले, तेव्हा मिशी हनुवटीवर आली होती.

पेटीतून काढलेल्या गार अंगाला बाहेरच्या हवेत घाम सुटतो. लोट्यात बर्फाचं पाणी घातलं की बाहेरून सुटतो तसा. आज ही गोष्ट मी झोपेतसुद्धा सांगेन, पण त्या दिवशी मला ती माहीत नव्हती आणि काकांनाही नव्हती. काकांची सगळी माणसं मिशी लावून घेऊन चहा पीत असत. आणि माझा सगळा अभ्यास दुध्यावर. दुध्याला घाम येत नाही.

मी घाईघाईनं मिशी उचलून परत नाकाखाली धरली. ते आणखी वाईट झालं. कारण आता काकूंनी ती नीट बघितली. बराच वेळ बघितली.

"ह्यो कोन?" त्या म्हणाल्या.

मी मिशी तशीच धरून ठेवली.

"आगं, ह्यो नाटकातला फौजदार हाय. आता छडी मारंल असा." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या मानसाची मिशी अशी काळी कुळकुळीत कवा हुती? ती फोटूपुरती रंगवलीवती. काढ ती."

मी काढली. बाहेर आले आणि बाकाजवळ उभी राहून रडले. "काका, मला येत नाही," म्हटलं. मला त्या वेळी सुभेदारांचं दुःख नव्हतं हे कबूल करते. मला डोळ्यांपुढं शिरवळ दिसत होतं.

काकांनी ती मिशी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "काम बरोबर आहे. तीस फुटांवरून बघायची मिशी आहे ही. इथं बाई वीतभर अंतरावरून बघणार. जाळी चालायची नाही, मोकळे केस लावायला पाहिजेत. आणि हे केस बाईमाणसाचे, मऊ. मिशीचा केस राठ असतो. करडा पाहिजे, राठ पाहिजे." एवढं बोलून ते थांबले आणि नानांच्या नाकाखाली बघायला लागले. मग शौकतभाई बघायला लागले. मग मीही बघितलं. काकू दारात येऊन उभ्या होत्या, त्या तर आधीपासून तिकडंच बघत होत्या.

नानांनी मफलर जरा वर ओढला.

"भावजी," काकू म्हणाल्या, "दहाव्याला काढणारच हायसा न्हवं?"

थोरला भाऊ गेला की धाकट्यानं दहाव्या दिवशी डोकं, मिशी उतरवायची ही रीत. त्यात नवीन काही नव्हतं.

"दहाव्याला, वैनी," नाना म्हणाले. "आजून सात दिस हायत."

"सात दिस काय करनार हाय तिचं?"

नाना बाकावर बसून राहिले. समोरच्या लिंबाखाली एक कुत्रं उन्हात झोपलं होतं, त्याच्याकडं बघत. पाच मिनिटं गेली असतील. आत शौकतभाईंनी कुठून तरी टेबलफॅन आणून सुभेदारांच्या चेहऱ्यावर सोडला, त्याची घरघर येत होती. मग नानांनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

"हितं आरसा न्हाई न्हवं?"

"नाही," शौकतभाई आतून म्हणाले.

"मग काप."

माझ्याकडं कात्री नव्हती. माझी अशी कुठलीच कात्री नव्हती. काकांनी बंडीच्या खिशातून त्यांची काढली आणि दांडा माझ्याकडं करून धरली. कात्री हलत होती. मी घेतल्यावर थांबली.

मी नानांच्या पुढं गुडघ्यावर बसले. वर्तमानपत्राचे दोन तुकडे केले आणि एकावर डावं, दुसऱ्यावर उजवं लिहिलं, कारण डावीकडचा केस डावीकडं वळलेला असतो, तो उजवीकडं बसत नाही. कातडीलगत थोडं थोडं कापत गेले. नाना डोळे मिटून बसले होते. उजवी बाजू झाल्यावर म्हणाले, "पोरी, शिंक आली तर?" मी म्हटलं, "सांगा आधी." त्यांना शिंक आली नाही. सगळं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, वरच्या ओठावरनं हात फिरवला आणि मफलर गुंडाळून थेट नाकापर्यंत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर एक अनोळखी माणूस येऊन बसला होता. साधा, जरा भित्रा, कुठल्याही स्टँडवर कुणी हाक मारणार नाही असा.

केस मी साबणानं धुतले, फॅनपुढं वाळवले. तरी मधले काही पिवळे राहिले. काकूंनी एक उचलून बघितला. "बिडीचं हाय हे. ह्यांनी जल्मात बिडी शिवली न्हाई."

"वैनी, आता हाय ती घ्या," नाना मफलरातून म्हणाले.

पिवळे केस मी खालच्या ओळीला घातले, वरून दुसरे येतील म्हणून. या वेळी आधी चेहऱ्याचा घाम पुरा सुकू दिला, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा सुकू दिलं. मग चिमटीत दहा-बारा केस धरायचे, मुळाकडून पंख्यासारखे पसरायचे, गमावर टेकवायचे, फडक्यानं दाबायचे. टोकापासून मधे, खालून वर. आधी वळचण, मग आढं. काका दारात उभे राहून बघत होते, पण बोलत नव्हते. बोलत होत्या काकू. मी समोर फोटो ठेवायला गेले तर त्यांनी तो पालथा घातला. "फोटू ऱ्हाऊ दे. मी सांगते. डावीकडं जरा खाली घे. आजून. दाढी करताना डावा खांदा दुखायचा त्यास्नी, तिकडं कात्री नीट लागायची न्हाई. हां. आनि मधी एवढी दाट नगो. तितं चहाची बशी लावून लावून बारीक झालीवती." मी बारीक केली. डावीकडं खाली घेतलं. कुठल्याही नाटकात नापास झाली असती अशी ती मिशी तयार होत गेली.

तास-दीड तास गेला असेल. शेवटचा केस दाबून मी बाजूला झाले. काकू पुढं आल्या, वीतभर अंतरावरून बघितलं. खांद्यावरची शाल सरकवून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. दोन्ही हातांनी, नीट, कानामागं खोचून. तोवर सकाळपासून त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता.

"चला," म्हणाल्या. "आता न्हेऊ घरी."

काकांनी मला गाडीत बसायला सांगितलं. "रस्ता आहे, हादरे आहेत. जवळ राहा. गम आणि फणी घे." शववाहिकेत एका बाजूला काकू, एका बाजूला मी आणि पुढं ड्रायव्हरशेजारी नाना. कऱ्हाड मागं पडेपर्यंत मी सुभेदारांच्या ओठावरची नजर काढली नाही. गतिरोधक आला की माझा हात आपोआप पुढं जायचा. काकूंनी मधे एकदा मला गुळाचा खडा दिला. मी तो तोंडात धरून बसले, चघळायचं विसरले. मिशीनं सगळा रस्ता सोसला. मला वाटलं, संपलं.

गावात दारापुढं पाट मांडला होता आणि शेजारी चुलवणावर तांब्याच्या हंड्यात पाणी कढत होतं.

आंघोळ! माणूस घरी आणलं की आधी त्याला कढत पाणी घालतात, हे काय मला माहीत नव्हतं? आमच्या गावी मी पाच-सहा वेळा बघितलं होतं. मावशीला माहीत होतं, काकांना माहीत होतं, शौकतभाई तर रोज माणसं घरी पाठवत होते. पण मिशीच्या नादात एकाच्याही डोक्यात आलं नाही. आजकाल माझ्याकडं कुणी येतं तेव्हा मी नाव-गाव विचारायच्या आधी विचारते, आंघोळ घरी घालणार का? लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तांब्या भरला. मी काकूंकडं बघितलं, काकूंनी नानांकडं.

"डोक्यावरनं न्हाई," नाना मोठ्यांदा म्हणाले. "पायावर घाला, अंगावर घाला. तोंडावर न्हाई."

"का रं?"

"डागदरानं सांगितलंय."

"मेल्यावर कशाला सांगतोय डागदर?"

"फौजेचा डागदर हाय," नाना म्हणाले. म्हाताऱ्यानं तांब्या पायांवर रिकामा केला. तोंड काकूंनी स्वतः पुसलं. ओल्या फडक्यानं कपाळ, डोळे, गाल. आणि मिशीच्या भोवतीनं असं, जसं झाडताना रांगोळी सांभाळतात. तुळशीचं पाणी पाजायला माणसं आली तेव्हा त्या उशाशी बसल्या आणि प्रत्येकाचा हात धरून पळी ओठाच्या कडेला टेकवत गेल्या. लोकांना वाटलं, बाईला सोडवेना. तेही खोटं नव्हतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याचं लक्ष नानांच्या मफलराकडं गेलं. मफलर खाली सरकला होता.

"आरं गड्या, तुझी मिशी?"

"काढली."

"आजच? दहाव्याच्या आधी?"

"गरम हुत हुतं," नाना म्हणाले.

मार्गशीर्षाचा महिना. सगळ्यांनी काना-डोक्याला टॉवेल बांधलेले. म्हातारा नानांकडं बघत राहिला. नाना हंड्याखालचा जाळ सारखा करायला गेले.

संजय जीपमधून उतरला तो वर्दीतच. पुण्यापासून सरळ आलेला. गर्दी बाजूला झाली. तो आला, टोपी काखेत धरली, वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग गुडघ्यावर चेहऱ्याजवळ आला आणि दोन्ही हात पुढं करून त्यानं मिशीची दोन्ही टोकं चिमटीत धरली.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तो तसं करायचा. सुट्टी संपवून निघताना बापाच्या मिशीला पीळ द्यायचा आणि मग पिशवी उचलायची. काकूंना माहीत होतं, त्या विसरल्या होत्या. त्यांचा चेहरा मी त्या वेळी बघितला आणि परत बघितला नाही. संजयनं डाव्या टोकाला पीळ दिला. मग उजव्या. हळूच नाही, सवयीनं देतात तसा. मी हातातली फणी इतकी दाबली होती, की तिचे दात संध्याकाळपर्यंत तळव्यावर होते.

मिशी राहिली.

फक्त दोन केस त्याच्या बोटांना चिकटून आले. त्यानं ते बघितले. बोटांना गमाचा चिकटपणा लागला असणार, कारण त्यानं अंगठा आणि बोट एकदा जुळवून सोडलं. मग मान वर करून त्यानं सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडं, माझ्या हातातल्या फणीकडं, आणि जाळापाशी पाठमोऱ्या उभ्या नानांकडं.

"नाना."

नाना वळले. मफलर हातात होता.

"मिशी?"

"गरम हुत हुतं," नाना म्हणाले, पण या वेळी जरा हळू.

संजयनं ते दोन केस रुमालात ठेवले, रुमालाची घडी केली आणि वर्दीच्या खिशात घालून बटण लावलं. "बरं केलंसा," तो म्हणाला. मग उठला आणि नानांच्याही पाया पडला. लोकांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. चुलत्याच्या पाया पडतातच.

निघायच्या आधी मी नानांना गाठलं. उजव्या बाजूचे थोडे केस उरले होते, ते पुडीत बांधलेले. ज्याचं त्याला द्यावं म्हणून मी पुडी पुढं केली. त्यांनी ती उघडून बघितली, परत मिटली आणि माझ्या हातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडंच. कवातरी लागंल."

उन्हाळ्यात वडील मला न्यायला आले. मी पिशवी भरून ठेवली होती, न विचारता, सवयीनं. काकांनी वडिलांना भडंग दिलं, चहा दिला आणि आपला उजवा हात त्यांच्यापुढं धरला. तो हलत होता. "हा हात आहे माझा," म्हणाले. "आणि तो," म्हणून माझ्याकडं बोट केलं. "एक न्यायचा असेल तर हा घेऊन जा." वडिलांनी भडंग संपवलं, आणखी मागून घेतलं आणि एकटेच एसटीला बसले. त्यानंतर काकांनी ती तिसरी कात्री खिळ्यावर टांगली नाही. माझ्या पाटाशेजारी ठेवायला लागले. माझं शिक्षण नववीच राहिलं. पण कुणी विचारलं की मी सांगते, दोन माणसांनी मला शिकवलं, काकांनी आणि सुभेदारांच्या बायकोनं, आणि एकानं स्वतःची मिशी दिली.

नानांची मिशी परत आली, पूर्वीपेक्षा पांढरी. मधे पुष्कळ वर्षं गेली. ते वारले तेव्हा संजयचा फोन आला, कारण नाना सांगून ठेवून गेले होते, त्या सांगलीच्या पोरीला बोलवा. मी गम घेतला, कात्री घेतली, आणि डब्याच्या तळाशी ठेवलेली ती पुडीही घेतली. कागद पिवळा पडला होता, "उजवं" अजून वाचता येत होतं. गेले तर नानांची मिशी जागेवर होती. दोन्ही टोकं वर, एक केस कमी नाही. मला करण्यासारखं काही नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून मी फणी काढली आणि नीट विंचरली. पुडी परत डब्यात ठेवली. तिथंच आहे.